दावणीजवळची विद्या

माणसांच्या शाळांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळांनी लिहिला आहे. मुलींची पहिली शाळा कोठे निघाली, पहिले कॉलेज कोणी काढले, हे आपल्याला तोंडपाठ असते. परंतु ज्या गाईम्हशींच्या दुधावर आणि ज्या बैलांच्या खांद्यावर या देशातल्या असंख्य घरांचा संसार उभा राहिला, त्यांना निरोगी कसे ठेवावे, त्यांच्यापासून अधिक दूध, अधिक काम आणि चांगली वासरे कशी मिळवावीत, हे शिकविणाऱ्या शाळा केव्हा निघाल्या आणि त्यांत कोणाला काय शिकविले गेले, ही कथा आपण क्वचितच सांगतो. मी काही वर्षे खेड्यातल्या मुलांना पशुसंवर्धनाचे प्राथमिक पाठ दिले. त्या निमित्ताने हा इतिहास मला चाळावा लागला, आणि तो चाळताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. आपल्याकडे ही विद्या घोड्यापासून सुरू झाली, मग ती रोगाकडे वळली, मग जातीकडे वळली. आणि जो हात रोज सकाळी गव्हाणीत वैरण टाकतो त्या हातापर्यंत ती सर्वांत शेवटी, आणि अजूनही अर्धीमुर्धीच, पोहोचली. या लेखात सांगावयाचे ते एवढेच.

यावर कोणी म्हणेल, पशुविद्या तर आपल्याकडे फार जुनी आहे. ते खरेच आहे. घोड्यांच्या वैद्यकाला शालिहोत्राचे नाव आहे, हत्तींच्या वैद्यकाला पालकाप्याचे आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची तजवीज केल्याचे नमूद आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर गोध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. त्याच्या हाताखाली गुराखी, म्हशी राखणारे, दूध काढणारे, घुसळणारे असे निरनिराळे नोकर असावेत, प्रत्येकाच्या वाट्याला शंभर शंभर दुभती जनावरे यावीत, प्रत्येक जनावराची खूण वहीत लिहून ठेवावी, असे नियम त्यात आहेत. गाय किंवा म्हैस मेली तर राखणाऱ्याने खूण असलेले कातडे आणून दाखवावयाचे. आज गुरांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारला जातो तेव्हा खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ही काहीतरी नवीनच सरकारी खोड वाटते. पण खोड जुनी आहे. पावसाळा, शरद आणि हेमंत या ऋतूंत दोन वेळा धार काढावी, शिशिर, वसंत आणि ग्रीष्म या ऋतूंत एकच वेळ काढावी, असाही तेथे दंडक आहे. आणि तो मोडून दुसऱ्या वेळी धार काढणाऱ्याचा अंगठा तोडावा असे सांगितले आहे.

या शिक्षेकडे मी मुलांचे लक्ष मुद्दाम वेधीत असे. चाऱ्याच्या टंचाईत गाईला जास्त पिळले तर गाय खंगते आणि वासरू उपाशी राहते, हे ज्ञान त्या नियमामागे आहे. ज्ञान उत्तम आहे; परंतु ते गुराख्याला समजावून सांगितलेले नाही, त्याच्यावर लादलेले आहे. कारण ग्रंथात राहिले आणि गोठ्यात फक्त धाक गेला. आमच्या पशुविद्येच्या पुढच्या इतिहासातही हा प्रकार पुनःपुन्हा आढळतो.

गुराख्याजवळ स्वतःची विद्या नव्हती असे मात्र नव्हे. ती तोंडी होती. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे शब्द ज्याला कळतात त्याला जनावराचे वय विचारावे लागत नाही. तो ओठ वर करून दात पाहतो. माणदेशातला खिल्लार बैल, डोंगराळ पावसाचा डांगी, मराठवाड्यातली देवणी आणि लाल कंधारी, वर्ध्याकडची गवळाऊ, पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळी या जाती कोणत्याही कॉलेजात तयार झाल्या नाहीत. अक्षरशत्रू माणसांनी पिढ्यान् पिढ्या वळू निवडून, कालवडी राखून, नको ती संतती बाजूला काढून त्या घडविल्या. ही विद्या बापाकडून मुलाकडे आणि सासूकडून सुनेकडे जात राहिली. तिच्यात हजार वर्षांचे निरीक्षण होते, तसेच हजार वर्षांचे भ्रमही होते. आणि दोन्हींना वेगळे करणारा कोणी नव्हता.

ते वेगळे करण्याचा पद्धतशीर उद्योग प्रथम युरोपात सुरू झाला, आणि तोही संकटामुळे. अठराव्या शतकात तेथे गुरांच्या बुळकांडीने थैमान घातले होते. ताप, तोंडात व्रण, मग दुर्गंधीयुक्त हगवण, आणि आठवड्या-दीड आठवड्यात दावणीची दावण रिकामी, असा हा रोग. फ्रान्समध्ये क्लोद बूर्जला नावाच्या गृहस्थाने १७६१ साली सरकारची परवानगी मिळवून ल्यों शहरी पशुवैद्यकाची शाळा स्थापन केली. जगातील या प्रकारची ही पहिली शाळा. मौजेची गोष्ट अशी की हा बूर्जला मूळचा अश्वारोहणाचा शिक्षक. म्हणजे तेथेही घोडा पुढे आणि गाय मागे! तथापि शाळा निघताच तिच्या विद्यार्थ्यांना साथीच्या गावी पाठविण्यात येऊ लागले आणि फ्रान्समध्ये या विद्येची गाठ गोठ्याशी लवकर पडली.

आपल्याकडे ती पडायला वेळ लागला. इंग्रजांना या देशात प्रथम काळजी होती ती पलटणीच्या घोड्यांची. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली ती त्यासाठी. घोड्याच्या नालापासून त्याच्या पोटशुळापर्यंत सारे तेथे शिकविले जाई. शाळेच्या भिंतीबाहेर पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा बैल मेला तर तो त्या अभ्यासक्रमाचा विषय नव्हता. परंतु बैल इतके मरू लागले की सरकारला डोळेझाक करणे परवडेना. सारा भरावयाचा तर शेत पिकले पाहिजे, आणि शेत पिकावयाचे तर बैल जगला पाहिजे, हा हिशेब साधा होता. गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी हॅलन या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८७१ साली बाहेर पडला. त्यानंतर शाळा निघत गेल्या: १८७७ साली हापूरजवळ बाबूगढ येथे, १८८२ साली लाहोरला, १८८६ साली मुंबईला, १८९३ साली कलकत्त्याला आणि १९०३ साली मद्रासला.

यांपैकी मुंबईच्या संस्थेची हकिगत आपल्या जिव्हाळ्याची आहे. मुंबईत मुक्या जनावरांविषयी दया पूर्वीपासून होती; १८३४ साली पांजरापोळ स्थापन झाली ती सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने. लंगडी, आंधळी, म्हातारी जनावरे तेथे आश्रयाला येत. पण दयेला विद्येची जोड नव्हती. ती जोड गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानाने मिळाली. पत्नी साकरबाई यांच्या नावे त्यांनी परळला जनावरांचे इस्पितळ उभारून दिले आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करी पशुवैद्यच होते. पण गुरांच्या रोगांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घोड्याकडून गाईकडे नजर वळत होती.

आता ही शाळा परळला, आणि जनावरे वेशीबाहेरच्या माळावर. परळच्या इस्पितळात येणारी जनावरे बहुतेक शहरातली: व्हिक्टोरियाचे घोडे, गाडीचे बैल, तबेल्यातल्या म्हशी. येथून शिकून बाहेर पडलेला तरुण जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात बसे आणि त्याच्याकडे जनावर येई ते आजारी पडल्यावर, पुष्कळदा मरायला टेकल्यावर. निरोगी जनावर निरोगी कसे ठेवावे हे सांगायला त्याला कोणी बोलवीत नसे आणि तशी त्याला सवडही नसे. एकेका डॉक्टरच्या वाट्याला शेकडो गावे! हा त्या डॉक्टरांचा दोष नव्हे. विद्येची मांडणीच रोगापासून सुरू होत होती.

नेमक्या याच सुमारास पुण्यात एक गृहस्थ निराळा विचार करीत होते. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला. त्यात बैलांच्या दुर्दशेची कारणे त्यांनी शोधली ती औषधात नव्हे, चाऱ्यात आणि शाळेत. जंगलखात्याने गुरचरणीची राने बंद केल्यामुळे जनावरे उपाशी मरू लागली, हे त्यांनी खडसावून सांगितले. परदेशांतून चांगल्या शेळ्यामेंढ्यांचे बेणे आणून येथे त्यांची पैदास करावी, असे सुचविले. आणि शेतकऱ्याच्या पोराला अक्षरओळखीबरोबर नांगर आणि पाभर नीट हाकता येते की नाही याची परीक्षा घ्यावी, असाही विचार मांडला. पुस्तक आणि पाभर यांची परीक्षा एकाच मुलाची घ्यावयाची, हा विचार त्या काळी कोणत्याही पशुवैद्यक शाळेच्या अभ्यासक्रमात नव्हता. परळचे महाविद्यालय आणि हे पुस्तक यांच्यात तीन वर्षांचे अंतर आहे. पण दोघांची गाठ पडायला पुढची कित्येक दशके लागली.

रोगाच्या बाजूने झालेले काम मात्र थोर होते, आणि त्याला उणेपणा देणे माझ्या मनात नाही. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली. पुण्याच्या भरवस्तीत सांसर्गिक रोगांचे जंतू बाळगणे धोक्याचे, म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तेथेच १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा फिरवून तो इतका सौम्य केला की गुरांना टोचला असता रोग होऊ नये, पण प्रतिकारशक्ती मात्र यावी. हीच ती शेळीची लस. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर भारतात हा रोग दिसला नाही. २००६ साली भारत त्यातून मुक्त म्हणून मान्य झाला, आणि २०११ साली सबंध जग मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून हद्दपार केलेला हा दुसरा रोग.

या विजयाचे श्रेय आपण लसीला देतो, ते योग्यच आहे. पण लस बाटलीतून आपण होऊन जनावराच्या अंगात जात नाही. गावोगाव हिंडणारे टोचणीवाले, जनावराला धरून उभा राहणारा मालक, शेजारच्या गावी संशयित आजार दिसताच तो कळविणारा आणि आपले गुरू बाजारात न नेणारा शेतकरी, अशा लाखो माणसांनी ते काम केले. सुई टोचल्याने दूध आटते, गाभण गाय गाभडते, अशा शंका घेऊन लोक जनावरे रानात दडवीत. त्यांना समजावून बाहेर आणावे लागे. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर डॉक्टरला मास्तर व्हावेच लागले. जेथे तो चांगला मास्तर झाला तेथे रोग हटला.

रोगानंतर जातीची पाळी आली. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेतकी आयोगाचा अहवाल १९२८ सालचा. त्यात एक मार्मिक निरीक्षण आहे: जनावरे पोसण्याची परिस्थिती जितकी वाईट, तितकी जनावरांची संख्या जास्त राहते. चार दुबळ्या बैलांचे काम दोन सशक्त बैल करतील; पण सशक्त करण्याइतका चारा नाही म्हणून चार ठेवावयाचे, आणि चार ठेवले म्हणून चारा आणखी कमी पडावयाचा. हे दुष्टचक्र ज्यांनी ओळखले तेच लिनलिथगो पुढे १९३६ साली व्हाइसरॉय होऊन आले आणि त्यांनी गावोगाव चांगले वळू देण्याची चळवळ सुरू केली. उद्देश चांगला होता. पण वळू आला म्हणून गायरान वाढत नाही. उत्तम बापाचे वासरू उपाशी आईच्या पोटी जन्मले तर ते बापासारखे कसे निपजावे?

या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. १९२७ साली गांधीजी आजारी पडले आणि विश्रांतीसाठी म्हैसूर संस्थानात राहिले. बंगलोरला तेव्हा सरकारची पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय शिकविणारी संस्था होती. ती १९२३ साली निघालेली. बरे वाटू लागताच गांधीजी तेथे जाऊन शिकू लागले, आणि पंडित मदनमोहन मालवीयही त्यांच्याबरोबर होते. संस्थेच्या नोंदवहीत गांधीजींनी आपला धंदा ‘शेतकरी’ असा लिहिला, असे सांगतात. सत्तावन्न वर्षांचा, देशाचा पुढारी म्हणून गणला गेलेला माणूस गाईला खुराक किती द्यावा, गोठा कसा बांधावा, नोंदी कशा ठेवाव्यात हे विद्यार्थी होऊन शिकतो, यात मला मोठा अर्थ दिसतो. गाईची पूजा करणारे या देशात कोट्यवधी होते. गाईविषयी आपल्याला काही शिकावयाचे आहे, असे मानणारे थोडे. गांधीजी पुढेही सांगत राहिले की गोरक्षण म्हणजे गाय उत्तम रीतीने पाळणे. नुसत्या भक्तीने ती वाचणार नाही.

त्यांच्याच प्रेरणेने पुण्याजवळ उरुळी कांचनला येऊन राहिलेले मणिभाई देसाई यांनी हा धागा पुढे नेला. निसर्गोपचार आश्रमातल्या गीर गाई सांभाळता सांभाळता त्यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. गोठवलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन करण्याची सोय तिने शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. आमच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. पूर्वी जनावर दवाखान्यात न्यावे लागे. आता शिकलेला माणूस सायकलीवरून, पुढे मोटारसायकलीवरून, गोठ्यात येऊ लागला. एकदा तो गोठ्यात आला की त्याला गव्हाणीतला कडबा दिसतो, खाली साचलेले मूत दिसते, कोपऱ्यात बांधलेले खंगलेले वासरू दिसते. मग रेतनाबरोबर चार गोष्टी बोलल्याही जातात. मात्र संकरित गाय आली तिने नवे धडेही आणले. दूध पुष्कळ, पण भूकही पुष्कळ. ऊन सोसत नाही, गोचीडताप लवकर होतो, आणि तिच्या गोऱ्ह्याला वशिंड नसल्यामुळे जू नीट बसत नाही. नवी गाय जुन्या पद्धतीने पाळता येत नाही. जात बदलली की पाळणाऱ्याचे शिक्षणही बदलावे लागते, हे त्या वेळी पुरेसे ध्यानात आले नाही, आणि कित्येक घरांत कर्जाची गाय दोन वेतांच्या आत गेली.

हे सगळे सांगितल्यावर मुले विचारीत, ‘मग सर, शिकायचं ते नक्की काय?’ प्रश्न रास्त आहे. माझ्या मते या विद्येचे मूळ धडे थोडे आहेत, आणि त्यांतील एकालाही फारसा पैसा लागत नाही.

पहिला धडा चिकाचा. गाय व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे पिवळसर दाट दूध येते तो चीक. माणसाच्या मुलाला रोगप्रतिकाराची काही शिदोरी आईच्या पोटातच मिळते. वासराला ती मिळत नाही. गाईच्या वारेतून ती शिदोरी पलीकडे जातच नाही. ती सगळी चिकात असते, आणि वासराच्या आतड्यातून ती रक्तात उतरण्याची वाट जन्मानंतर साधारण एका दिवसात बंद होते. म्हणून पहिला चीक पहिल्या तास-दोन तासांत पाजावयाचा, आणि पहिल्या अर्ध्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका त्याच्या पोटात गेला पाहिजे. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. आमच्या बहुतेक घरांत रीत काय? वार पडेपर्यंत वासराला आचळाला लावावयाचे नाही. एकदा एका मुलीने वर्गात उभे राहून सांगितले, ‘आमची आजी म्हणते, आधी पाजलं तर वार आतच राहते.’ मी तिला विचारले, वासरू ढुसण्या देऊ लागले की गाईला काय होते? ती म्हणाली, ‘पान्हा सुटतो.’ पान्हा सोडणारा जो रस अंगात सुटतो तोच गर्भाशयालाही आकुंचन देतो आणि वार पडायला मदतच करतो, हे सांगितल्यावर ती काही वेळ गप्प बसली. पुढच्या आठवड्यात तिने येऊन सांगितले की आजीला पटले. अट एकच, खरवसापुरता चीक उरला पाहिजे. चीक वासराचे पोट भरूनही उरतो. तेव्हा तंटा मिटला.

दुसरा धडा पाण्याचा. दुधात शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणीच असते, आणि आम्ही दावणीच्या गाईला दिवसातून दोनदा पाणी दाखवितो! तिसरा धडा हाताचा. धार काढण्यापूर्वी हात आणि कास धुऊन कोरडी करावयाची, आणि धार झाल्यावर पुढ्यात वैरण टाकावयाची. कारण आचळाचे तोंड काही वेळ उघडे राहते. गाय लगेच ओल्या शेणात बसली की जंतू आत शिरतात आणि दगडी होते. वैरण टाकली की ती उभी राहते. चौथा धडा माजाचा. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसला तर सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावयाचे. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, म्हणून तिच्याकडे पहाटे आणि रात्री मुद्दाम पाहावे लागते. एक माज चुकला की तीन आठवड्यांचा खुराक फुकट. पाचवा धडा वहीचा. गाय केव्हा फळली, केव्हा व्याली, लस केव्हा दिली, दूध किती, हे लिहून ठेवावयाचे. कौटिल्याच्या गोध्यक्षाची वही राजासाठी होती; ही आपल्या स्वतःसाठी.

या पाच धड्यांसाठी ना परळ हवे ना मुक्तेश्वर. पण एक मोठी अडचण आहे. आमच्या घरांत वैरण टाकते, शेण काढते, धार काढते, वासराला पाजते ती बाई. आणि शिकावयाला पाठवितात मुलगा. सभेला जातो तो कारभारी. पदवीच्या नावात ‘पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन’ असे दोन्ही शब्द आज जोडलेले आहेत. २००० सालापासून नागपूरला या विषयांचे स्वतंत्र विद्यापीठही आहे. वर्गांत आता मुलीही पुष्कळ दिसतात, ही आनंदाची गोष्ट. तरीही गोठ्यातली बाई आणि वर्गातली विद्या यांच्यात एक उंबरा उरतोच.

तो उंबरा ओलांडण्याचा अलीकडचा एक प्रयत्न मला आशादायक वाटतो. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून गावोगाव ‘पशुसखी’ तयार झाल्या आहेत. त्या गावातल्याच बाया. बहुतेकींच्या दारात स्वतःच्या शेळ्या. शेळ्यांना जंताचे औषध केव्हा द्यावे, पावसाळ्यापूर्वी लस का टोचावी, करडांना काय खाऊ घालावे, एवढे शिकून त्या शेजारणीच्या अंगणात जातात. परक्या साहेबापुढे जी बाई पदर सावरून दाराआड उभी राहते ती पशुसखीला म्हणते, ‘अगं बस की, हे करडू बघ, कालपासनं दूध पीत नाही.’ ज्या भूमिहीन बाईच्या दारात तीन शेळ्या हीच साऱ्या घराची ठेव असते, तिला मुलाच्या शाळेची फी आणि औषधपाणी त्यातूनच काढावे लागते. तिचे एक करडू वाचणे ही फार मोठी गोष्ट आहे. परळच्या आवारात जे सुरू झाले ते तिच्या अंगणात पोहोचावयाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

२०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात पसरली तेव्हा या साऱ्या इतिहासाची एकदम उजळणी झाली. हजारो जनावरे दगावली. पुन्हा शेळीच उपयोगी पडली: शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचली गेली. आणि पुन्हा लसीइतकेच साधे ज्ञान कामी आले. रोगी जनावर वेगळे बांधावयाचे, माश्या, डास आणि गोचीड यांचा बंदोबस्त करावयाचा, बाजार काही दिवस बंद ठेवावयाचा. हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून निर्धास्त प्यावे, हे घराघरांत सांगावे लागले. कारण अफवा साथीपेक्षा वेगाने पसरल्या होत्या. जेथे कोणी जाणते माणूस गावातच होते तेथे लोक धीराने वागले. जेथे नव्हते तेथे कित्येकांनी आजारी बैल रातोरात सोडून दिला.

इस्पितळे वाढावीत, लसी निघाव्यात, जाती सुधाराव्यात, हे सर्व हवेच आहे. पण यापुढे नवी पशुशाळा काढणाऱ्याने पहिला वर्ग गोठ्यात भरवावा, पहिल्या बाकावर धार काढणाऱ्या बाईला बसवावे आणि तिला आधी काय येते ते विचारून घ्यावे. तिला दातांवरून वय कळते, हंबरण्यावरून भूक कळते, डोळ्यांवरून दुखणे कळते. त्याचे कारण काय, तेवढे आपण तिला सांगावयाचे. चीक वेळेवर मिळालेल्या वासराला आपण कोणत्या शाळेमुळे वाचलो ते कधी कळणार नाही; पण दोन-तीन वर्षांनी त्या घरात एक गाय अधिक दुभती असेल.